परतीपासून आखलेली सहल

रूपचंदभाऊंना वेळ विचारण्यात अर्थ नव्हता. "किती वाजले?" म्हटलं की उलट विचारायचे, "कोठे जावानं शे?" शहाद्याच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत एकोणतीस वर्षं काढलेला माणूस तो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी आमच्या सारंगखेड्याच्या गल्लीतून कोणी पिशवी घेऊन निघालं की ओट्यावरून हाक जायचीच. या बसने जाऊ नको, वीस मिनिटांनी दुसरी आहे, पहिली फाट्याफाट्यावर थांबते, पुढे दोंडाईचाला तुला गाडी मिळायची नाही. लोक वैतागायचे. मी तर सरळ भांडायचे. पण त्यांनी सांगितलेली वेळ चुकली असं कधी झालं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

मी रंजनाबाई, त्यांची शेजारीण. मधे एकच भिंत. पंचायत समितीत तेवीस वर्षं आवक-जावक सांभाळलं. नवरा गेल्यावर घरात मी आणि गोठ्यात एक म्हैस. बोलायला माणूस हवं म्हणून दिवसातून चार वेळा त्यांच्या ओट्यावर जायचे आणि चारही वेळा काहीतरी सुनावून यायचे. माझा स्वभावच तसा. सल्ला कोणी मागितला नाही तरी मी देते आणि ऐकला नाही तर धुसफुसते. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात आहे.

गजरावहिनी म्हणजे रूपचंदभाऊंची बायको. त्यांना मूलबाळ नाही. नवरा चौकशीच्या खिडकीत असताना तीन एकराचं शेत बाईने एकटीने ओढलं. कापूस, मिरची, पाणी लागलं तेव्हा ऊस. बोलणं मोजकं. आयुष्यभर नवऱ्याने जगाला गाड्या दाखवल्या, आणि ही नंदुरबारच्या पलीकडे कधी गेली नाही. सणावाराला स्टँडवर गर्दी, म्हणून भाऊंना रजा नाही. "निवृत्त व्हयनू का फिरसूत," असं ते म्हणत राहिले. निवृत्त झाले त्या वर्षी वहिनींच्या उजव्या डोळ्याने दगा दिला. काचबिंदू. पुढे तो डोळा गेलाच. डाव्या डोळ्याला समोरचं तेवढं दिसायचं, आजूबाजूचं काही नाही. दारात कोण आलं ते पाहायला सगळी मान फिरवावी लागायची. अंधार पडला की तेही बंद.

दिवाळीनंतर नंदुरबारच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या डोळ्याचा भरवसा धरू नका. वर्ष टिकेल, महिना टिकेल. औषध घालत राहा. मी सोबत होते. आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. सारंगखेड्याचा तापीवरचा पूल आला, खाली बॅरेजचं पाणी भरलेलं, तेव्हा वहिनी खिडकीकडे वळून म्हणाल्या, "मले समुंदर देखाना शे. लहानपनपासून हाई पानी देखी ऱ्हायनू. आठून निंघीसन कोठे जास ते एकदाव देखू द्या."

बाईने लग्नानंतर मागितलेली ही बहुतेक पहिली वस्तू. रूपचंदभाऊंनी खिशातून पेन काढलं.

त्यांची प्रवास आखायची रीत जगावेगळी होती. आपण निघण्यापासून सुरुवात करतो, ते परतीपासून करायचे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे सगळ्यात खाली लिहिलं, "दोंडाईचा ते सारंगखेडा, शेवटची बस, साडेनऊ." त्याच्या वर, ती बस गाठून देणारी सुरतेहून सव्वापाचची गाडी. त्याच्या वर, ती गाडी गाठून देणारी डुमसहून सव्वातीनची सिटी बस. असं करत करत पान वर चढायचं आणि सगळ्यात वर शेवटी लिहिलं जायचं, घरातून किती वाजता निघायचं ते. "जानारा कव्हयबी जास," ते म्हणायचे, "अडकस तो येनारा." स्टँडवर मुक्काम पडलेली, लेकरं घेऊन बाकावर बसलेली माणसं त्यांनी उभ्या हयातीत इतकी पाहिली होती की शेवटची गाडी चुकणं म्हणजे त्यांच्या लेखी नाक कापलं जाणं.

दोन दिवसांची सहल ठरली. पहिल्या दिवशी सुरत शहर, रात्री स्टेशनजवळच्या धर्मशाळेत मुक्काम, दुसऱ्या दिवशी डुमसचा समुद्र आणि परत. नंदुरबारला गाडी भरून जाते, म्हणून चढायचं दोंडाईचाला, म्हणजे वहिनींना खिडकी मिळेल. सिटी बस कुठल्या थांब्यावर बदलायची, हे त्यांनी सुरतेत राहणाऱ्या गावातल्या तिघांना वेगवेगळं फोन करून विचारलं आणि तिघांची उत्तरं जुळल्यावरच लिहिलं. वहिनींना वर्दळीत चालायला वेळ लागतो म्हणून प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं जास्तीची धरली. मीही यायचं ठरलं, डोळ्यात वेळेवर औषध घालायला आणि भाऊंशी भांडायला. म्हशीचं आमच्या गल्लीतल्या भिकुबाईला एका रात्रीपुरतं सांगितलं.

दिवस त्यांनी निवडला तो गावची घोड्यांची यात्रा उठल्यानंतरचा. मी पंचांग पाहिलं आणि ओरडलेच.

"भाऊ, समुंदरना दिन अमावस शे! डोकं ठिकानावर शे ना तुमनं?"

"म्हनीसनच ते," भाऊ शांतपणे म्हणाले. "अमावसले लोके निंघतस नही. गाड्या खाली ऱ्हातस. हिले आरामशीर बठाले भेटी."

एस.टी.तल्या माणसाचा तो हिशोब बरोबरच होता. पण मी ऐकते होय! डोळा जायला आलेली बाई, तिला घेऊन अमावस्येला घराबाहेर पडायचं? आमच्या माहेरी अमावस्येला कोणी नवा विळासुद्धा विकत आणत नाही. मी दोन दिवस त्यांच्या ओट्यावर ठाण मांडलं. उद्या काही झालं तर मला बोल लावू नका म्हणाले. शेवटी वहिनीच घाबरल्या. "ऱ्हाऊ द्या ना," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "चांगला दिन देखा." भाऊंनी पान फाडलं आणि नवं लिहिलं. दिवस मीच काढून दिला, पुढची शुद्ध अष्टमी. मला केवढा आनंद झाला होता.

जाताना सगळं त्या पानासारखं घडलं. दोंडाईचाला खिडकी मिळाली. खांडबारा गेलं, नवापूरला भाऊंनी सांगितलं की या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. वहिनींनी मान या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून रेघ कुठे दिसते का ते पाहिलं आणि रेघच नाही म्हणून हसल्या. सुरतेत कापडाच्या मार्केटात त्यांनी साड्या डोळ्यांपेक्षा बोटांनीच जास्त पाहिल्या. चौकात घारी, तिथली तुपातली मिठाई, खाल्ली. सिटी बस पुलावर आली तेव्हा खाली नदी पाहून त्यांनी विचारलं, "हाई आपलीच तापी?" भाऊंनी हो म्हटल्यावर भरगच्च बसमध्ये हात जोडले. रात्री धर्मशाळेत मला म्हणाल्या, "रंजना, सकायले हाई जठे जास तठे जासूत ना आपन?" इतकी खुशीत ती बाई मी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास आम्ही डुमसला उतरलो. उन्हं छान पडली होती. रस्त्याला एका बाजूने टमाट्याच्या भज्यांची दुकानं, दुसऱ्या बाजूला झाडं, आणि झाडांच्या पलीकडे बांध. भाऊंनी वहिनींचा हात धरून पायऱ्यांपर्यंत नेलं, दोन्ही खांद्यांना धरून नीट समोर उभं केलं आणि म्हणाले, "देख."

समोर चिखल होता.

काळा, ओला, चकाकणारा चिखल, नजर जाईल तिथपर्यंत. मधेमधे थोडं साचलेलं पाणी आणि त्यात चोच मारणारे बगळे. दूर, फार दूर एक फिकट पट्टा होता, तो पाणी होता की आभाळ ते माझ्या चांगल्या डोळ्यांनाही कळेना. वहिनींना तर तो दिसणंच शक्य नव्हतं. त्यांनी मान सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवली, परत डावीकडे आणली.

"समुंदर कोठे शे?"

मग वहिनींनीच विचारलं, "दारं उघाडी दिन्हात का? पानी सोडी दिन्हं का कोनी?"

आमच्या बॅरेजची दारं उघडली की तापीचं पात्र असंच रिकामं होतं. आम्हाला पाण्याची तेवढीच रीत माहीत. दारं लावली की भरतं, उघडली की जातं. समुद्र रोज आपणहून मागे जातो आणि आपणहून परत येतो, हे शाळेत कधीतरी वाचलं होतं मी. आवक-जावकच्या रजिस्टरांत ते कुठे हरवलं कोण जाणे. आणि रूपचंदभाऊ, ज्यांनी तीन माणसांना सिटी बसचा थांबा विचारला, त्यांनी समुद्राची वेळ कोणालाच विचारली नव्हती. समुद्राला वेळ असते हेच त्यांना माहीत नव्हतं.

भजीवाल्याला दया आली असावी. त्याने वहिनींना खुर्ची दिली. "माजी, पाणी तो सांजे आवशे," तो म्हणाला. "पाँच वागे तो देखाशे." संध्याकाळी येईल, पाचला दिसायला लागेल. आज आठम आहे ना, म्हणून दुपारी ओहोटी. मग कढईतला झारा हलवत सहज म्हणाला की अमास नाहीतर पूनमला आला असता तर या वेळेला पाणी थेट या पायऱ्यांना लागलेलं असतं.

अमास. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. मी पदराचं टोक पिळत बसले.

आम्ही बसून राहिलो. दोन वाजले. अडीच वाजले. लांबचा पट्टा जरा जाड झाल्यासारखा मला वाटला. तीनला भाऊ उठले.

"पाच वाजालोंग बठूत ना," वहिनी म्हणाल्या.

"सव्वापाचनी गाडी शे."

"ती गयी ते?"

"ती गयी ते शेवटली बस गयी."

"सहालोंग उजेड ऱ्हास," वहिनी म्हणाल्या. "मले दिसई. जराखं पानी दिसनं तरी चालई."

एवढा हट्ट त्या कधी करायच्या नाहीत. भाऊंनी पान काढलं, पाहिलं, परत खिशात ठेवलं. त्या माणसाचा चेहरा पार उतरला होता. मला वाटतं, त्यांना त्या जागेवरून पळायचं होतं. ज्या बांधावर उभं राहून आयुष्यात पहिल्यांदा त्यांची आखणी फसली, त्या बांधावर आणखी दोन तास बसणं त्यांना सोसवेना. त्यात शेवटची गाडीही चुकवायची म्हणजे फारच झालं.

"पुनवले येऊत," ते म्हणाले. "आठ दिन बी नहीत. दुपारले भरेल ऱ्हास म्हनस ना हाऊ. मी तुले पुरा समुंदर दखाडसू. असा अर्धामुर्धा नही."

मी थांबू या म्हणायला हवं होतं. धर्मशाळा होती, दुसऱ्या दिवशीच्या गाड्या होत्या, आणि मी एकदा ओट्यावर ठाण मांडलं तर हटत नाही हे दोघांनाही माहीत होतं. पण माझ्या डोक्यात म्हैस होती. भिकुबाईला एकाच रात्रीचं सांगितलं होतं, ती दुसऱ्या रात्री धार काढणार नाही, हे माझ्या डोक्यात होतं. मी पिशवी उचलली.

"बरं," वहिनी म्हणाल्या.

सव्वातीनची बस मिळाली. सव्वापाचची गाडी मिळाली. शेवटच्या बसला तर आम्ही वीस मिनिटं आधी पोचलो.

घरी आल्या आल्या रूपचंदभाऊंनी पुनवेचं पान लिहायला घेतलं. यावेळी भजीवाल्याचा नंबर आणला होता, त्याला रोज फोन करून भरतीची वेळ विचारायचे आणि लिहायचे. तो बिचारा कंटाळला असेल. मी शुभ-अशुभाचा शब्दही काढला नाही. वहिनी लसूण सोलत ओट्यावर बसायच्या आणि भाऊ त्यांना पान वाचून दाखवायचे, पंधरा मिनिटं इथे, वीस मिनिटं तिथे.

पाचव्या दिवशी पहाटे वहिनींचं डोकं दुखायला लागलं. उलट्या झाल्या. डोळा लालभडक. आम्ही मिळेल त्या गाडीने नंदुरबार गाठलं. डॉक्टरांनी डोळ्यातला दाब उतरवला, हातात होतं ते सगळं केलं, तीन दिवस ठेवून घेतलं. पुनवेच्या दुपारी ते पट्टी काढून बोटं दाखवत होते, आणि वहिनी म्हणत होत्या, दाखवा ना, कुठे आहेत बोटं.

रूपचंदभाऊ दवाखान्याच्या व्हरांड्यात गेले. मी मागोमाग गेले तर ते भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि खिशातल्या पानाच्या बारीक बारीक घड्या घालत होते. मी म्हटलं, भाऊ, दिवस मी बदलायला लावला. ते म्हणाले, "दिन तुम्ही बदला, पन गाडी मीच धरी." आणि रडले. गावात इतकी वर्षं राहिले, पण त्या माणसाला रडताना मी त्या दिवशीच पाहिलं.

त्यानंतर ते ओट्यावर बसायचे, पण कोणाला हाक मारेनासे झाले. पिशवीवाले समोरून जायचे, हे मान खाली घालून. वहिनी घर शिकत होत्या. चूल किती पावलांवर, रांजण कुठे, मोरीचा उंबरा कुठे. दिवसातून दहा वेळा आपटायच्या. तक्रार नाही. समुद्राचं नाव घरात कोणी काढत नव्हतं.

मग चैत्रात एक दिवस त्यांनीच काढलं. भाकरी थापत म्हणाल्या, "चाला, जाई येऊत."

"आते काय देखाले?" भाऊ कसेबसे म्हणाले.

"मी जावानं म्हनेल शे ना. मंग जावानं."

चैत्राच्या अमावस्येला आम्ही निघालो. गाड्या खरोखरच रिकाम्या होत्या. बाकभर जागा असून वहिनी नवऱ्याला चिकटून बसल्या, कारण गाडी हलली की त्यांचा तोल जायचा. नवापूर आलं तेव्हा वहिनींनी मान फिरवली नाही.

डुमसला पोचलो तो दुपारचा एक. भजीवाल्याने आम्हाला ओळखलं, वहिनींची चाल पाहिली आणि झारा कढईत तसाच सोडून उभा राहिला. भाऊंनी वहिनींना बांधाच्या पायऱ्यांवर नेलं. खालच्या तीन-चार पायऱ्या पाण्याखाली होत्या. पाणी आभाळापर्यंत होतं. मी त्याआधी इतकं पाणी पाहिलं नव्हतं. उन्हाने ते नुसतं पेटल्यासारखं चमकत होतं, आणि मला त्याच्याकडे पाहायची लाज वाटली.

एक लाट आली आणि वहिनींचे पाय घोट्यापर्यंत भिजले. त्या दचकल्या. दुसरी आली. त्यांनी वाकून हात बुडवला, पाणी जिभेला लावलं, आणि तोंड वाकडं केलं. मग कितीतरी वेळ नुसत्या ऐकत उभ्या होत्या. मला वाटलं, बरं वाटलं असेल त्यांना. चला, आलो ते चांगलं झालं. मी तसं म्हणणारही होते.

"त्या दिनले आपन बठाले पाहिजे व्हतं," वहिनी म्हणाल्या.

"हा," भाऊ म्हणाले.

"गाडी गयी असती ते गयी असती."

"हा. जाऊ देवाले पाहिजे व्हती."

"मन्हा डोया व्हता तव्हय," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. दवाखान्यात रडल्या नव्हत्या, घरात भिंतींवर आपटताना रडल्या नव्हत्या. त्या पाण्यात उभ्या राहून मोठ्याने रडल्या. "दोन घंटा. दोन घंटा थांबतात ते मले दिसतं. मले तुमना राग येस. भलता राग येस. रोज उठस ते पहिले तोच येस. तुन्हाबी येस वं रंजना. कोनले सांगू?"

मी म्हटलं, वहिनी, चुकलं माझं. त्यांनी मान हलवली. माफ केलं असं काही त्या हलवण्यात नव्हतं, आणि मी तशी अपेक्षाही करू नये. रूपचंदभाऊंनी पाण्याकडे एकदाही पाहिलं नाही, ते वहिनींच्या तोंडाकडे पाहत होते.

पाणी अजून चढत होतं. पुढची लाट गुडघ्यापर्यंत आली तशी भाऊ एक पायरी वर सरकले आणि त्यांनी वहिनींना हळूच वर घेतलं. रागाने हात झिडकारून दोन पावलं लांब जाऊन उभं राहणं आता वहिनींना जमणार नव्हतं. त्या रडत होत्या, बोलत होत्या, आणि भाऊंचा दंड त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.